"गाव कोणतं?" विचारत एका दिवसात मुंबई खायची कशी

लोकलमध्ये शेजारी बसलेल्या दोन अनोळखी माणसांचं बोलणं सुरू झालं, की कुर्ला येईपर्यंत एक प्रश्न हमखास येतो. "गाव कोणतं तुमचं?" दादरला जन्मून दादरलाच रिटायर झालेला माणूससुद्धा त्यावर 'दादर' म्हणत नाही. तो राजापूर सांगतो, संगमनेर सांगतो, भुज सांगतो, उडुपी सांगतो. कोळी आणि ईस्ट इंडियन (इथलेच मूळचे ख्रिस्ती) सोडले तर या शहरात सगळेच कधी ना कधी बाहेरून आलेले.

घरी पाहुणे आले, विशेषतः कॉलेजातले भाचे-पुतणे आले, की मी त्यांना एक दिवस खायला फिरवतो. सुरुवातीला हे काम मी फार वाईट करायचो. 'अमक्याची प्रसिद्ध अमुक' अशी दहा-बारा नावांची चिठ्ठी खिशात, सकाळी पहिल्याच हॉटेलात दोन डोसे, आणि दुपारी बारापर्यंत सगळ्यांचे चेहरे सुजलेले. दिवसाच्या शेवटी पोरांना काय आठवायचं? गर्दी आणि ॲसिडिटी. आता मी पाच ठिकाणं करतो आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट शोधायला लावतो: हे पहिल्यांदा कोणासाठी शिजलं? आपल्या माणसांसाठी की परक्यांसाठी? घर सोडून आलेला माणूस शहरात एक तर आपल्यासारख्याच उपाशी गाववाल्यांना जेवू घालतो, नाही तर शहराला काय आवडेल ते ओळखून विकतो. हे एकदा डोक्यात बसलं, की पाटी, मेनू, टेबलाची मांडणी, सगळं बोलायला लागतं.

आधी दिवस ठरवा

शनिवार घ्या. रविवारी हार्बर लाइनवर मेगाब्लॉक असू शकतो आणि आपला निम्मा दिवस हार्बरवर आहे. शिवाय बॅलार्ड इस्टेटचं आपलं दुपारचं जेवण रविवारी बंद असतं. सोमवारी माटुंग्यातली काही जुनी हॉटेलं सुट्टी घेतात. रमझानचा महिना असेल तर संध्याकाळचा टप्पा फार रंगतो, पण गर्दीत लहान मुलं नेऊ नका.

माणसं दोन ते चार. एकट्याने हा दिवस होत नाही, कारण एकट्याला प्लेट वाटता येत नाही. सहाच्या वर गेलात तर कुठेच एकत्र टेबल मिळणार नाही आणि अर्धा दिवस "अरे, तो मागे राहिला" यात जाईल. नियम एकच: कुठेही माणशी एक प्लेट घ्यायची नाही. दोघांत एक. पहिल्या दोन ठिकाणी हे फार कंजूषपणाचं वाटेल, तिसऱ्या ठिकाणी मला दुवा द्याल.

रेल्वेचं एक दिवसाचं पर्यटक तिकीट मिळतं, तिन्ही लाइनवर चालतं, तेच काढा. सोबत पाण्याची बाटली, हातरुमाल, झाकणाचा एक रिकामा डबा आणि सुटे पैसे. यूपीआय आता टपरीवरही आहे, पण जुन्या दुकानांच्या गल्ल्यावर कधी कधी रोखच मागतात. दोघांचा खर्च तीन-साडेतीन हजारांत बसावा. त्यातला निम्मा दुपारच्या एका जेवणाचा.

सकाळी सात: माटुंगा

मध्य रेल्वेचं माटुंगा, म्हणजे पूर्व. पश्चिम रेल्वेच्या माटुंगा रोडला उतरून चालत येणारा एक तरी पाहुणा असतोच. फास्ट गाडी इथे थांबत नाही, स्लो धरा.

१८९६ च्या प्लेगनंतर शहराची गर्दी उत्तरेकडे पांगवायला १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याच्या आखणीतून दादर-माटुंग्याचे हे रुंद रस्ते, झाडं आणि तीन मजली इमारती आल्या. टायपिंग-शॉर्टहँड शिकून फोर्टातल्या कचेऱ्यांत आणि रेल्वेत नोकरीला आलेल्या दक्षिणेकडच्या कुटुंबांनी इथे बिऱ्हाडं केली. त्यांच्या पाठोपाठ उडुपी-मंगळूरकडची पोरं आली, भांडी घासण्यापासून सुरुवात करून गल्ल्यापर्यंत पोचली. स्टेशनाजवळच्या 'ए. रामा नायक' यांच्या जागेची पाटी नीट वाचा: उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२. हॉटेल नाही, बोर्डिंग. बायको गावी आणि नोकरी मुंबईत अशा माणसाने दोन वेळ पंगतीला बसायची जागा. 'कोणासाठी' याचं उत्तर पाटीवरच आहे.

पण नायकांकडे केळीच्या पानावरचं जेवण आहे, ते आत्ता नको. आत्ता स्टेशनाबाहेरच्या राम आश्रयला जा. १९३९ पासूनचं हे हॉटेल पहाटे पाचला उघडतं, सातला बाहेर नावं लिहिलेली असतात. शनिवारी पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागेल. दोघांत एक इडली, एक उपमा, शेवटी दोन कॉफ्या. अननसाचा शिरा असेल तर एक, चमचे दोन. डोसा मागवू नका. मला माहीत आहे शेजारच्या टेबलावर तो येईल आणि तुमची मान वळेल. तरी नाही.

इडली नुसती खाऊन बघा, सांबारात बुडवायच्या आधी. आंबवलेल्या पिठाचा किंचित आंबूस वास, आणि बोटाने दाबली तर परत वर येणारा लुसलुशीतपणा, हे चटणीखाली झाकलं जातं. सांबार आपल्या गल्लीतल्या 'शेट्टीच्या हॉटेला'तल्यासारखं गोड नसेल. आपल्या गावोगावच्या उडुपी हॉटेलांनी आपल्यासाठी साखर वाढवली, मग पावभाजी आणली, मग पनीर, मग शेजवान राइस. तो परक्यांसाठीचा मेनू. माटुंग्यात मात्र आजूबाजूला गाववालीच गिऱ्हाइकं होती, म्हणून जिभेला फारशी तडजोड करावी लागली नाही.

कॉफी आली की घाई करू नका. स्टीलचा पेला आणि खाली खोलगट डबरा. पेल्यातली कॉफी डबऱ्यात ओता, डबऱ्यातून परत पेल्यात, हात वर नेत. साखर ढवळली जाते, फेस येतो, आणि ओठ भाजत नाहीत. आमच्या एका भाच्याने पहिल्याच खेपेला निम्मी कॉफी पँटवर ओतली. वेटरने न हसता नवीन आणून दिली आणि एकदा हळूच करून दाखवलं. त्याला विचारलं, "अण्णा, गाव कोणतं?" तो म्हणाला, "झारखंड."

दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा धडा मला तिथे मिळाला. पाटीवर एक गाव असतं, भटारखान्यात दुसरं. पाटी सांगते ऐंशी वर्षांपूर्वी कोण आलं, वेटर सांगतो गेल्या वर्षी कोण आलं. म्हणून पुढे प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न गल्ल्यावर एकदा आणि वाढणाऱ्याला एकदा, असा दोनदा विचारा. मुंबईत त्याचा कोणाला राग येत नाही.

निघण्याआधी बाजारातून एक चक्कर मारा. केळीची पानं, मोगऱ्या-अबोलीचे गजरे, कच्ची केळी, पांढरा भोपळा, कढीपत्त्याच्या जुड्या, आणि कॉफी भाजून दळून देणारी दुकानं. चिकोरी किती टक्के टाकू, असं दुकानदार विचारेल. पहिल्यांदा घेत असाल तर वीस टक्के सांगा.

साडेनऊ: चेंबूर कॅम्प

माटुंग्याहून स्लो गाडीने कुर्ला, तिथे गाडी बदलून हार्बरने चेंबूर. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला 'चेंबूर कॅम्प' एवढंच सांगा. ('कॅम्प' हा शब्द मुंबईकर इतक्या सहज वापरतो की तो निर्वासितांचा कॅम्प होता हे विसरूनच जातो.)

सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीचा सिंधी व्यापारी मुंबईला कामाने येत-जात असे, तेव्हा ते परगावही नव्हतं. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि उरलेली हिंदू सिंधी कुटुंबं बोटींनी मुंबईच्या धक्क्याला लागली. सरकारने त्यांना लष्कराने रिकाम्या केलेल्या बराकींत ठेवलं: काहींना इथे, पुष्कळांना कल्याण कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात. उडुपीची पोरं नोकरी शोधत एकेकटी आली होती. इथे घरंच्या घरं आली, आज्यांसकट. आणि आज्या आल्या की स्वयंपाक शाबूत राहतो.

विग रिफ्रेशमेंट्स हे कॅम्पातलं जुनं, गर्दीचं दुकान. बसायची ऐट नाही, उभ्यानेच खायचं. मागवायचं दाल-पकवान, दोघांत एक.

ते देताना बघा. पकवान म्हणजे मैद्याची, जिरं-ओवा घातलेली, तव्याएवढी कडक पुरी. लाटल्यावर तिला काट्याने किंवा सुरीच्या टोकाने टोचे मारतात, का तर ती फुगू नये. आपण पुरी फुगली नाही तर हळहळतो, इथे फुगली तर बिघडली. मंद आचेवर सावकाश तळतात, म्हणून ती तासन्‌तास कडक राहते. वाटीत चणाडाळ: शिजलेली, पण दाणा दिसेल अशी, मसाला जवळजवळ नाहीच. मग दुकानदाराचा हात सुरू होतो. डाळीवर चिंचेची चटणी, तिच्यावर हिरवी, कच्चा कांदा, तिखटाची चिमूट. ही सगळी हालचाल चार सेकंदांची. तुम्ही पकवान हाताने मोडायचा, त्याच्या तुकड्याचाच चमचा करायचा. डाळ मऊ नि साधी, पकवान कडक, चटणी आंबट-गोड; घासागणिक पकवान थोडा थोडा नरम होत जातो. शेवटचा घास पहिल्यासारखा लागत नाही, आणि मला तोच जास्त आवडतो.

दोन पकवान कोरडे बांधून घ्या. ते पिशवीत राहू द्या, पुढे कामाला येतील.

सिंधी कढी कुठे मिळाली तर चाखून बघा, पण ताकाची अपेक्षा ठेवून नको. बेसन तेलात खरपूस भाजून, चिंचेच्या कोळात शेवगा, भेंडी, गवार घालून ती करतात. कोकी नावाची जाड, कांदा घातलेली, दोनदा भाजलेली पोळीही शोधा, प्रवासात टिकते. गोड हवं असेल तर झामाकडचे गुलाबजाम प्रसिद्ध आहेत. मी एकच घेतो आणि चौघांत तो चमच्याने कापतो. दुकानातली बाई एकदा म्हणाली, "इतने में तो चींटी का भी पेट नहीं भरेगा." खरं आहे, पण तिला आमचा पुढचा कार्यक्रम माहीत नव्हता.

परतीची हार्बर गाडी चुनाभट्टीनंतर गुरु तेग बहादूर नगरला थांबते. या स्टेशनाचं जुनं नाव कोळीवाडा. फाळणीनंतर पंजाबी निर्वासितांच्या बराकी इथे होत्या. शेजारी कोळ्यांची मासळी, यांच्या हाताशी बेसन, ओवा आणि तिखट. दोन्ही एका कढईत पडलं आणि देशभरच्या बारमध्ये मिळणारा 'प्रॉन्स कोळीवाडा' झाला. नाव कोळ्यांचं, हात पंजाब्यांचा. सकाळी तिथे काही नसतं, म्हणून आपण उतरत नाही. ज्यांना संध्याकाळी मासेच हवेत त्यांनी भेंडी बाजाराऐवजी इथे यावं.

साडेबारा: बॅलार्ड इस्टेट

हार्बरची गाडी सरळ सीएसएमटीला येते. तिथून बॅलार्ड इस्टेट दहा-पंधरा मिनिटं चालत. दोन-अडीच तास खाल्लेलं नसल्यामुळे आता भूक खरी लागलेली असते.

ब्रिटानिया अँड कंपनी, १९२३. दुपारच्या जेवणाची जागा. इथे आधी एक घोळ मिटवतो, कारण दर खेपेला कोणीतरी विचारतं: पारशी आणि इराणी एकच ना? धर्म बहुतेकांचा एकच, झरतुष्ट्री; येणं वेगळं. पारशी हजारेक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्याला लागले, गुजराती बोलायला लागले. इराणी आले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला, बहुतेक याझ्द आणि केरमानकडचे. तिकडे झरतुष्ट्री लोकांना जाच होता, १८७० च्या सुमारास मोठा दुष्काळही पडला. मुंबईचे इराणी सगळे झरतुष्ट्री नाहीत, त्यांत मुसलमानही आहेत.

इथला बेरी पुलाव मागवा. इराणात 'झेरेश्क पोलो' म्हणून भात करतात, त्यात झेरेश्क ही तांबडी, मनुक्याहूनही लहान, आंबट फळं असतात. त्याच भाताला मुंबईत आल्यावर मसाला लागला, मटणाचे किंवा चिकनचे तुकडे आत गेले, वर तळलेला कांदा आला. ती फळं अजून इराणातूनच आणतात. एक फळ वेगळं काढून दाताखाली धरा: आधी आमसुलासारखा आंबटपणा, मग किंचित तुरट. मसालेदार भाताच्या मध्ये ते असं चमकून जातं की पुढचं कधी येतंय याची वाट बघत आपण खात राहतो. एक प्लेट दोघांना भरपूर होते. शाकाहारी पुलावही मिळतो. सोबत पालनजीचा रासबेरी सोडा. औषधासारखा लाल, गोड मिट्ट, एकदा प्यायलाच पाहिजे. जागा असेल तर कॅरमल कस्टर्ड. उरलेला भात डब्यात भरा, कोणी नाव ठेवत नाही.

आपला प्रश्न इथे लावून बघा. ही जागा कोणासाठी? बंदरावरच्या कंपन्यांतल्या साहेब-कारकुनांसाठी. म्हणजे परक्यांसाठी. पण पुलावात घरची आठवण आहे. हे असं मधलं उत्तर मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतं. मेनूतला धनसाक, म्हणजे डाळीत शिजवलेलं मटण, हाही असाच परक्यांपुढे आलेला घरचा पदार्थ: आपण तो हौसेने मागवतो, पण पारशांच्या घरी मर्तिकानंतर चौथ्या दिवशी तो होतो, म्हणून लग्नाकार्यात करत नाहीत.

दुपारी दोन ते चार: काही खायचं नाही

हा टप्पा वगळू नका. बॅलार्ड इस्टेटहून हॉर्निमन सर्कलची बाग गाठा आणि बाकावर बसा. चार वाजायच्या आधी कोणी 'नुसता एक वडापाव' म्हणालं तर त्याच्या हातातलं पाकीट काढून घ्या.

बागेत बसल्या बसल्या मी पोरांना या दिवसात न मावलेल्या गोष्टीबद्दल सांगतो. मुंबईत सगळ्यात जास्त आली ती आपली माणसं: कोकणातली, घाटावरची, गिरणीत. त्यांच्या जेवणाची पाटी आजच्या रस्त्यात कुठेच का नाही? कारण ते पाटी असलेल्या दुकानात शिजतच नव्हतं. माझे वडील १९७१ साली लालबागला आले, ते एका खोलीत नऊ जणांबरोबर राहायचे. पाळीप्रमाणे अर्धे झोपलेले, अर्धे गिरणीत. जेवण त्याच चाळीतल्या एका मावशींकडे. महिन्याचे पैसे पगार झाल्यावर, तोवर वहीत. चपात्या, डाळ-भात, एक रस्सा, बुधवारी बोंबील किंवा बांगडा, रविवारी दुपारी मटण आणि रविवारी रात्री चूल बंद. वडील सांगायचे, मावशींच्या घरच्यांचं जेवण सगळ्यांच्या शेवटी व्हायचं.

अशा खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराशिवाय कर्ज द्यायला कोणी तयार नव्हतं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते यासाठी. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, खोल्यांतले गडी गावी गेले, बहुतेक चुलीही विझल्या. आज दादर-परळला मालवणी हॉटेलं आहेत, उत्तम आहेत, सुरमईची थाळी खायला मीही जातो. पण ती खानावळ नव्हे. ज्यांच्या ओळखीत अजून कोणी घरगुती डबा देणाऱ्या बाई असतील, त्यांनी हा दिवस एका दुपारपुरता बदलून तिथे जेवावं.

चार: धोबी तलाव

फोर्टातून, आझाद मैदानाच्या कडेने चालत मेट्रो सिनेमापाशी या. समोर जेर महाल नावाची जुनी इमारत, तिच्या तळाशी कयानी अँड कंपनी, १९०४. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, चौकटीचे टेबलक्लॉथ, काचेच्या बरण्यांत बिस्किटं. बन-मस्का, चहा, एक मावा केक. सकाळी आला असतात तर अकुरी (पारशी अंडाभुर्जी) आणि खिमा-पावही सांगितला असता.

बन-मस्का इराणचा नाही, हे लक्षात घ्या. इराणात काळा चहा पितात. पाव आपल्याकडे पोर्तुगीजांकडून गोव्यामार्गे आला, दूध-साखरेचा चहा हिंदुस्थानी, लोणी इथलं. याझ्दहून आलेल्या माणसाने मुंबईतल्या घाईतल्या माणसाला परवडेल अशी न्याहारी जुळवली. ही पूर्णपणे परक्यांसाठीची जागा. आणि तीच तिची थोरवी होती. ज्या काळात पाट्यांवर 'हिंदू हॉटेल', 'ब्राह्मणांचे भोजनगृह' असं लिहिलेलं असायचं, त्या काळात इराण्याच्या संगमरवरी टेबलावर गिरणी कामगार, टॅक्सीवाला आणि वकील एकाच प्रकारच्या कपातून चहा प्यायचे. कोपऱ्यावरची दुकानं इराण्यांना स्वस्त मिळाली, कारण इतरांना कोपरा अशुभ वाटायचा, असं सांगतात. ते काहीही असो, दोन बाजूंनी दार असलेली हवेशीर जागा त्यांच्या पथ्यावर पडली.

चहा संपला की बाहेर येऊन वर बघा. जेर महालच्या वरच्या मजल्यांवर गोव्यातल्या गावांचे 'कूड' आहेत, त्यांनाच क्लब म्हणतात. एका गावाचा एक कूड. बोटीवर खलाशी, स्टुअर्ड, कुक म्हणून जाणारी गावची माणसं बोट मिळेपर्यंत इथे राहायची: भिंतीला लागून पेट्या, मधोमध वेदी, संध्याकाळी रोझरी, भाडं अगदी नाममात्र. खाली याझ्दचा चहा आणि वर गोंयकारांच्या पेट्या, मध्ये फक्त एक लाकडी जिना. तो चढून आत शिरू नका, लोकांचं राहतं घर आहे ते. जिन्याशी एखादे म्हातारे अंकल उभे असतील तर कोंकणीत किंवा मराठीत आपला नेहमीचा प्रश्न विचारा. मला एकांनी गावच काय, वाडा, म्हणजे गावातली वाडीसुद्धा सांगितली.

शाकाहारी मंडळींनी संध्याकाळसाठी इथूनच काळबादेवीची वाट धरली तरी चालेल. गुजराती-मारवाडी पेढ्यांवरच्या एकट्या माणसांसाठी तिथे 'वीशी', म्हणजे खानावळी असायच्या, काही क्लबच्या नावाने चालायच्या. १९४५ पासूनचं ठाकर भोजनालय त्याच वळणाचं. थाळीत वाढपी थांबत नाही, म्हणून 'बस' हा शब्द आधीपासून म्हणायला लागा.

सात: भेंडी बाजार

धोबी तलावाहून क्रॉफर्ड मार्केटवरून मोहम्मद अली रोड, चालत अर्धा तास. 'बिहाइंड द बझार'चं भेंडी बाजार झालं, असं कोणी सांगितलं तर मान डोलवा. मला मात्र भेंडीच्या झाडांवरून नाव पडलं हे जास्त पटतं. इथे कच्छ-काठेवाडचे मेमन, गुजरातचे दाऊदी बोहरा, उत्तरेचे कारागीर, एकाच्या वर एक थर आहेत. मुरादाबादकडून आलेल्या तीन गवई भावांनी याच मोहल्ल्यात राहून गायकी घडवली, म्हणून तिलाही भेंडी बाजार घराणं म्हणतात. सध्या बोहरी मोहल्ल्यात मोठा पुनर्विकास चालू आहे. इमारती पडतात, दुकानं सरकतात. नकाशावर विसंबू नका, चालत्या माणसाला विचारा.

मांसाहारी असाल तर दोन शब्द पाठ करा: 'छोटे का' म्हणजे बकऱ्याचं, 'बडे का' म्हणजे म्हशीचं. मेनूवर नुसतं नाव असतं, म्हणून विचारून घ्या. विचारण्यात अपमान नाही, न विचारता ताट परत करण्यात आहे. नळी निहारी (नळीच्या हाडासकट मांसाचा दाट रस्सा) दोघांत एक आणि एक खमिरी रोटी. निहारी रात्रभर मंद आचेवर शिजते. अरबीत 'नहार' म्हणजे दिवस, आणि ही मुळात सकाळची न्याहारी. दिवसभराच्या अंगमेहनतीला निघायच्या आधीचं जेवण आपण संध्याकाळी हौस म्हणून खातो. बारा हंडी नावाचाही प्रकार आहे, पायापासून शेपटीपर्यंतचे भाग वेगवेगळ्या हंड्यांत रात्रभर ठेवलेले, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून दोन-तीन हंड्यांतलं एकत्र करून देतात.

बोहऱ्यांचं खरं जेवण मात्र दुकानात फारसं सापडत नाही. एका मोठ्या थाळाभोवती आठ जण, आधी चिमूटभर मीठ जिभेवर, मग गोड, मग खारं, पुन्हा गोड. ते घरात, जमातीत. आपल्या माणसांसाठीच शिजणारं आणि तिथेच राहिलेलं. कोणी बोहरी मित्र बोलवेल तेव्हा बाकी सगळी कामं रद्द करून जा.

मिनारा मशिदीजवळ १९३६ पासूनचं सुलेमान उस्मान मिठाईवाला. मातीच्या सपाट वाटीत फिरनी, म्हणजे तांदळाची घट्ट खीर. ओल्या मातीचा वास दुधाला लागलेला असतो, म्हणून नाक जवळ नेऊन खा. पोट अजून हो म्हणत असेल तर खारा टँक रोडवर ताज आइसक्रीम, १८८७ चं. लाकडी पिंपात बर्फ आणि खडेमीठ, मध्ये तांब्याचा डबा, आणि तो हाताने फिरवायचा. त्याला संचा म्हणतात. मोसमात सीताफळ मागा. दाणे गिळताना बियांची आठवण होते, इतका गर असतो.

तिथल्या पोऱ्याला विचारलं, तर गेल्या वेळी उत्तर आलं, "नेपाल." पाटीवरच्या कुटुंबाचं गाव मात्र गल्ल्यावर विचारा, कच्छ निघतं की नाही बघा.

परतायला सँडहर्स्ट रोड जवळ. वर हार्बर, खाली मेन लाइन. घाईत चुकीचा जिना चढाल, म्हणून आधी पाटी वाचा. दहानंतर गाडीत बसायला जागा मिळते. बसलात की पिशवीतला सकाळचा पकवान काढून मोडून बघा. माझा आजवर एकदाही सादळलेला नाही.